उधाण-भांगाची नोंद आणि रोमचा अर्ज

मुंबई उपनगरातील मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडल्यावर लागणाऱ्या मनोरी गावात कोळी आणि ईस्ट इंडियन समाजांची जुनी वस्ती आहे, आणि त्यांपैकी ईस्ट इंडियन हे नाव नोकरीच्या मागणीतून रूढ झाले, ही गोष्ट अर्जलेखनाचा विचार करताना ध्यानात घेण्याजोगी आहे. या परिसरातील साष्टी बेटावर सोळाव्या शतकात पोर्तुगिजांचा अंमल बसला, १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी तो मोडून काढला आणि १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. या साऱ्या उलथापालथीत येथील मराठी बोलणारे ख्रिस्ती शेतकरी आणि मच्छीमार आपापल्या गावठाणांतच टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकात आगबोटींची ये-जा वाढली, गोव्याकडून आणि मंगळूरकडून ख्रिस्ती माणसे कामधंद्यासाठी मुंबईत येऊ लागली, आणि धर्म एक व आडनावेही सारखीच असल्यामुळे स्थानिक कोण व बाहेरून आलेले कोण, हे कचेऱ्यांना उमगेनासे झाले. तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, या समाजाने ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतले, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि आपण या प्रांतातील ब्रिटिश राजसत्तेचे सर्वांत जुने ख्रिस्ती प्रजाजन असल्यामुळे नोकऱ्यांवर आपला अग्रहक्क आहे, अशी भूमिका मांडली.

त्या मागणीचे बळ समाजाच्या ओळखीत होते. आज त्याच किनाऱ्यावरचा एखादा पदवीधर जेव्हा रोममधील अन्न व कृषी संघटनेच्या किंवा जिनिव्हातील जागतिक आरोग्य संघटनेच्या पदासाठी अर्ज करू पाहतो, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्न नेमका उलटा असतो. तो कोण आहे याला तेथे फारसे महत्त्व नसते, त्याने काय केले आणि त्याचा पुरावा काय, एवढेच तपासले जाते. मराठी वाचकवर्गात या फरकाची जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही, आणि त्यामुळे चांगल्या कामाची कितीतरी माणसे पहिल्याच चाळणीत गळतात, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आंतरराष्ट्रीय संघटनेतील नोकरभरतीचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतील कलम १०१ मध्ये आहे. कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी यांचा सर्वोच्च दर्जा हा निवडीचा प्रधान निकष असावा आणि शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक क्षेत्रातून माणसे घेण्याकडे योग्य लक्ष द्यावे, असे त्या कलमाचा तिसरा परिच्छेद सांगतो. भौगोलिक वाटणीसाठी सचिवालयात एक सूत्र दीर्घकाळ वापरात आहे: ठरावीक पदांपैकी किती जागा कोणत्या देशाच्या वाट्याला याव्यात हे ठरवताना ४० टक्के वजन केवळ सदस्यत्वाला, ५५ टक्के वजन त्या देशाने भरलेल्या वर्गणीला आणि अवघे ५ टक्के वजन लोकसंख्येला दिले जाते. भारतासारख्या देशातील अर्जदाराला आपल्या देशाच्या संख्याबळाचा जो आधार वाटत असतो, तो या हिशेबात किती तोकडा पडतो, हे यावरून कळते. हे सूत्र सर्व पदांना लागू नसते; बहुतेक भरती खुल्या स्पर्धेतून होते आणि त्या स्पर्धेत प्रत्येक अर्जाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते.

पदांची रचना समजल्याशिवाय अर्ज करणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय. व्यावसायिक श्रेणी पी-१ पासून पी-५ पर्यंत चढत जाते आणि तिच्यावर डी-१ व डी-२ ही संचालकपदे असतात. सामान्य सेवा श्रेणी, म्हणजे कार्यालयीन व साहाय्यक पदांची श्रेणी, ‘जी’ (G) या इंग्रजी अक्षराने ओळखली जाते आणि तिची भरती ज्या शहरात कार्यालय आहे तेथेच होते. या दोहोंच्या मध्ये राष्ट्रीय अधिकारी नावाची श्रेणी आहे, जिच्यात केवळ त्या देशाचे नागरिक आपल्याच देशात नेमले जातात. व्यावसायिक श्रेणीत साधारणपणे पी-२ साठी दोन, पी-३ साठी पाच, पी-४ साठी सात आणि पी-५ साठी दहा वर्षांचा अनुभव मागितला जातो, तोही पदव्युत्तर पदवीसह. केवळ पहिली पदवी असल्यास बहुधा दोन वर्षांचा जादा अनुभव लागतो. अर्धवेळ काम त्या प्रमाणातच मोजले जाते, आणि पदवी देणारी संस्था युनेस्कोच्या सहकार्याने ठेवल्या जाणाऱ्या उच्चशिक्षण संस्थांच्या जागतिक सूचीत असावी लागते. वेतनाचे तत्त्वही याच विभागणीवर बेतलेले आहे. व्यावसायिक पदांचे वेतन सर्वांत चांगला पगार देणाऱ्या राष्ट्रीय नागरी सेवेशी तुलना करून ठरते, ज्याला राष्ट्रसंघाच्या काळातील समितीच्या अध्यक्षांवरून नोब्लमेर तत्त्व म्हणतात, तर सामान्य सेवेचे वेतन स्थानिक बाजारातील चांगल्या वेतनाशी जुळवले जाते.

मुंबईत न्यूयॉर्क आणि जिनिव्हा या दोनच नावांची मोहिनी मोठी असल्यामुळे जवळची दारे दिसत नाहीत. युनिसेफचे महाराष्ट्रासाठीचे कार्यालय मुंबईतच आहे. पोलिओच्या सर्वेक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने भारतात जे जाळे उभारले, त्यात सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी जिल्ह्यांतून नेमले गेले. लसींच्या साठ्याची आणि तापमानाची संगणकीय नोंद ठेवणाऱ्या ई-विन योजनेत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत शीतसाखळी सांभाळणारी माणसे कामाला होती. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम, ज्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे, राष्ट्रीय स्वयंसेवकांची भरती करतो आणि घरबसल्या करण्याजोगी कामेही देतो. उपनगरांपुरते बोलायचे तर देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या संयुक्त पुढाकाराने स्थापन झाली आणि आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी तेथे लोकसंख्याशास्त्र शिकत आले; अंधेरीच्या वर्सोव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. मनोरीच्या मच्छीमाराच्या मुलीला मत्स्यविज्ञानातील पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई सोडावी लागत नाही, ही साधी गोष्ट मराठी शाळांतून कोणी आवर्जून सांगत नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळता येईल. सचिवालयाची भरती इन्स्पिरा नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून चालते, आणि तिच्यात अर्जदाराने स्वतःच्या पद्धतीने तयार केलेला परिचय न जोडता एक ठरावीक नमुना भरायचा असतो, ज्याला वैयक्तिक इतिहासपत्र म्हणता येईल. प्रत्येक नोकरीसाठी त्यात कर्तव्यांचे वर्णन एका चौकटीत आणि साध्य केलेल्या गोष्टी दुसऱ्या चौकटीत लिहाव्या लागतात, वरिष्ठाचे नाव आणि नोकरी सोडण्याचे कारण द्यावे लागते, आणि त्याशिवाय आपण या पदाला योग्य का, हे सांगणारे पत्र जोडावे लागते. एकदा पाठवलेला अर्ज दुरुस्त करता येत नाही. मुदत बहुधा न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपते, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाळ्यात साडेनऊच्या आणि हिवाळ्यात साडेदहाच्या सुमारास. तरीही शेवटच्या रात्रीवर विसंबणाऱ्यांची संख्या कमी नाही.

बहुतेक अर्ज याच दोन चौकटींत फसतात. समजा, एखाद्या किनारी गावातील मच्छीमार सहकारी संस्थेत काही वर्षे हिशेबनीस म्हणून काम केलेली पदवीधर तरुणी लघुमासेमारीविषयक प्रकल्पाच्या साहाय्यक पदासाठी अर्ज करते आहे. तिच्या हातून सहजच असे वाक्य उतरते की तिने मच्छीमार बांधवांच्या सर्वांगीण विकासासाठी मोलाचे योगदान दिले. सत्कार समारंभातील परिचयात हे वाक्य शोभते, कारण तेथे ऐकणाऱ्याला तिचे काम आधीच ठाऊक असते. रोममध्ये वा बँकॉकमध्ये बसलेल्या परीक्षकाला त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याला हवे असते ते असे: संस्थेकडे किती नौका नोंदलेल्या होत्या, डिझेलवरील कराच्या परताव्याचे दावे ती किती नौकांसाठी तयार करीत असे, पूर्वी ही नोंद वहीत होत असताना दावे कोणत्या कारणाने परत येत, तिने नोंदीची पद्धत कशी बदलली आणि त्यानंतर परत येणाऱ्या दाव्यांचे प्रमाण किती उतरले, हा बदल तिने एकटीने केला की संचालक मंडळाच्या ठरावानंतर, आणि त्यात तिचा वाटा नेमका कोणता. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ असते. ते लिहिण्याजोगे आहे, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते.

मनोरी, गोराई, उत्तन या पट्ट्यातील अनुभव आंतरराष्ट्रीय कामाच्या दृष्टीने किती मोलाचा आहे, हे डोलीच्या मासेमारीवरून दाखवता येते. डोल हे पिशवीसारखे लांब निमुळते जाळे असून ते खुंटांच्या आधाराने समुद्रात ताणून धरले जाते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा, करंदी त्याच्या शेपटाकडे साचत जातात. प्रवाहाचा जोर हेच या मासेमारीचे इंजिन असल्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग यांचे गणित कोळ्याला पाठ असावे लागते; जाळे कोणत्या तिथीला किती वेळ सोडावे, कोणत्या वाऱ्यात बोंबील किनाऱ्याकडे येतो आणि १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळानंतर पहिल्या उधाणाला काय मिळते, याची पिढ्यान् पिढ्यांची स्मृती या गावांत आहे. वलांडीवर, म्हणजे बांबू आणि दोऱ्यांच्या मांडवावर, बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालण्याचे आणि दमट हवेत तो कुजू न देण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे असते.

अन्न व कृषी संघटनेच्या १९९५ च्या जबाबदार मासेमारी आचारसंहितेत लघुमासेमारीला स्थान मिळाले, २०१४ मध्ये शाश्वत लघुमासेमारीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली गेली, आणि २०२२ हे वर्ष पारंपरिक मासेमारी व मत्स्यसंवर्धनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. या मार्गदर्शक तत्त्वांत मच्छीमारांच्या पारंपरिक ज्ञानाला, मासे पकडल्यानंतरच्या प्रक्रियेला आणि त्या प्रक्रियेतील स्त्रियांच्या वाट्याला ठळक जागा आहे. म्हणजे वलांडीवरच्या बोंबलाचे किती नुकसान पहिल्या अवकाळी पावसात होते, याची तारीखवार नोंद जर कोणी ठेवली असेल, तर ती व्यक्ती मासळीच्या काढणीपश्चात नासाडीवर काम केल्याचा पुरावा बाळगून आहे. मात्र घरचे काम म्हणून ती ते अर्जात लिहीत नाही आणि त्याऐवजी एका आठवड्याच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र अभिमानाने जोडते. या ठिकाणी दोष अर्जदाराचा कमी आणि तिला प्रमाणपत्राची किंमत शिकवणाऱ्या शिक्षणाचा अधिक आहे.

स्थानिक नोंदीतून जागतिक पदापर्यंत जाण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत लखलखीत उदाहरण पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे आहे. १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९३६ मध्ये पीएच. डी. व १९३९ मध्ये डी. एस्सी. झाले. भारतात परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीवर काम केले. त्या काळी पिकाचा छोटा तुकडा कापून, त्याचे धान्य तोलून, त्यावरून साऱ्या प्रदेशाचे उत्पन्न काढण्याची रीत होती. तुकडा फार लहान असेल तर त्याच्या कडेवरची रोपे आत मोजली जाण्याकडे माणसाचा कल राहतो आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी प्रत्यक्ष शेतांतील कापणीवरून दाखवून दिले आणि १९४६ मध्ये ते नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तुकड्याच्या आकाराविषयीचा हा वाद प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारख्या दिग्गजाशी होता. १९५१ मध्ये सुखात्मे अन्न व कृषी संघटनेत दाखल झाले आणि तेथील सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून सुमारे दोन दशके रोममध्ये राहिले.

सनदेचे कलम १०० असे सांगते की आंतरराष्ट्रीय सेवकाने कोणत्याही सरकारकडून सूचना मागू नयेत व घेऊ नयेत. सुखात्मे यांच्या कारकिर्दीत या स्वातंत्र्याचा वापर कसा करावा, याचा धडा आहे. जगातील दोन तृतीयांश माणसे उपाशी आहेत, हे विधान संघटनेच्याच वर्तुळात प्रचलित असताना त्यांनी १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे आकडे मांडून १० ते १५ टक्के लोक पुरेसे अन्न न मिळाल्याने अर्धपोटी आहेत, आणि भूक व कुपोषण एकत्र धरले तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, असा अधिक नेमका अंदाज दिला. परतल्यानंतर पुण्यात त्यांचे अन्नाची गरज आणि दारिद्र्यरेषा यांवरून वि. म. दांडेकरांसारख्यांशी मतभेद झाले आणि ते वाद आजही अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकवले जातात. त्यांच्या निष्कर्षांशी सहमत व्हावे की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु ज्या प्रश्नावर स्वतः हात घातला, मोजणी केली आणि चूक कोठे होते ते दाखवले, तो प्रश्नच त्यांच्या नावामागे उभा होता. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे उपव्यवस्थापकीय संचालक झालेले प्रभाकर नार्वेकर आणि त्याच संस्थेत काम केलेले नरेंद्र जाधव ही अलीकडची नावेही या परंपरेत घेता येतील.

अर्ज चाळणीतून पार पडला की लेखी परीक्षा आणि मुलाखत येते. मुलाखतीला क्षमताधारित म्हणतात, म्हणजे अमुक प्रसंगी तुम्ही काय कराल असे न विचारता तमुक प्रसंगी तुम्ही काय केले असे विचारले जाते. उत्तरात संदर्भ, कृती आणि परिणाम या तीन पायऱ्या अपेक्षित असतात. संघभावना, नियोजन, उत्तरदायित्व, संवाद अशा ज्या क्षमता जाहिरातीत दिलेल्या असतात, त्यांवरच प्रश्न येतात, त्यामुळे जाहिरात वाचणे हीच निम्मी तयारी असते. उदाहरणार्थ, डोलीच्या खुंटांच्या जागांवरून वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे तंटा चालत आला आहे. अशा तंट्याच्या बैठकीत इतिवृत्त लिहिणाऱ्या, दोन्ही बाजूंचे दावे नकाशावर मांडणाऱ्या तरुणाकडे संघर्ष हाताळण्याचा असा दाखला असतो, जो महागड्या शिक्षणाने विकत घेता येत नाही. अडचण एवढीच की मराठी माणसाला सामुदायिक कामातील स्वतःचा भाग वेगळा काढून सांगणे अहंकाराचे वाटते. परीक्षक मात्र गुण एका व्यक्तीला देतो, आणि ज्याने आपला वाटा सांगितला नाही त्याला शून्याच्या जवळ ठेवतो. येथे नम्रता सोडावी लागत नाही. सहकाऱ्यांचा वाटा सांगून आपलाही तितक्याच अचूकपणे सांगितला की पुरते.

या साऱ्या व्यवस्थेत एक अन्याय आहे आणि तो स्पष्टपणे नोंदवायला हवा. सचिवालयातील प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळत नाही. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हासारख्या महाग शहरात काही महिने स्वखर्चाने राहणे ज्यांना परवडते, त्यांच्या अर्जात संघटनेचे नाव लवकर येते आणि पुढची दारे त्या नावाने उघडतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन देतात, त्यामुळे दुसरा मार्ग शक्य आहे हे सिद्धच आहे. दुसरा अपाय फसवणुकीचा. आखातातील नोकरीसाठी नोंदणीकृत दलालाला ३०,००० रुपये आणि त्यावरील करापर्यंत शुल्क घेण्याची कायद्याने मुभा असल्यामुळे परदेशी नोकरीला पैसे द्यावेच लागतात, अशी समजूत किनारपट्टीवर पक्की झाली आहे, आणि तिचा गैरफायदा बनावट नेमणूकपत्रे पाठवणारे घेतात. संयुक्त राष्ट्रे अर्ज, मुलाखत, प्रक्रिया किंवा प्रशिक्षण यांपैकी कोणत्याही टप्प्यावर एक पैसाही आकारत नाहीत. हे वाक्य प्रत्येक मच्छीमार संस्थेच्या आणि चर्चच्या फलकावर लावण्याजोगे आहे.

सध्याचा काळही कठीण आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदतीचा मोठा भाग थांबवला, त्याच वर्षी महासचिव आंतोनियो गुतेरेस यांनी यूएन ८० या नावाने खर्चकपातीचा आणि पुनर्रचनेचा कार्यक्रम हाती घेतला, आणि अनेक संघटनांतील पदे कमी होऊ लागली. अशा वेळी निवड होऊनही पद न मिळणे शक्य असते; मंजूर उमेदवारांची नावे एका राखीव यादीत ठेवली जातात आणि पुढे तशाच पदासाठी त्या यादीतून माणूस घेता येतो. त्यामुळे एकाच पदावर डोळे लावून न बसता राष्ट्रीय अधिकारी, स्वयंसेवक, अल्पकालीन सल्लागार अशा वाटांनी अनुभव साठवीत राहणे शहाणपणाचे ठरते.

निवडीनंतर पदवी आणि प्रत्येक जुन्या नोकरीची पडताळणी होते, आणि लहान संस्थांतून आलेल्या अर्जदारांचे काम बरेचदा येथेच अडते. विचारणा इंग्रजीतून ई-मेलने येते. तोपर्यंत संस्थेचा चिटणीस बदललेला असतो, हजेरीपट सापडत नाही आणि उत्तर महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून संस्थेतून बाहेर पडतानाच तिच्या पत्रशीर्षावर, रुजू झाल्याची व काम सोडल्याची तारीख, पदाचे नाव, आठवड्याचे तास आणि कामाचे स्वरूप लिहिलेले इंग्रजी पत्र सहीशिक्क्यासह घ्यावे, आणि त्याची एक प्रत संस्थेच्या दप्तरातही ठेवायला लावावी.